आपल्यातला वांशिक पूर्वग्रह कसा शोधायचा

"प्रत्येकाच्या मनात थोडा तरी वांशिक पूर्वग्रह असतोच का?" निवड समित्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या आवाजावरूनच बहुतेक वेळा कळतं. काहींना "हो" हवं असतं, कारण सगळ्यांच्याच मनात असेल तर आपल्याला वेगळा जाब द्यावा लागत नाही. काहींना "नाही" हवं असतं, कारण आपण त्यातले नाही अशी त्यांची पक्की खात्री असते. माझं उत्तर असं: जवळजवळ सगळ्यांच्या मनात असतो, पण सगळ्यांच्या मनात सारखा नसतो, आणि आपल्या हातून तो नेमका कुठे बाहेर पडतो हे आपलं आपल्याला शोधता येतं. ते कसं शोधायचं, तेवढंच इथे लिहिते आहे. माझं काम मुलाखती घेणाऱ्यांबरोबर चालतं, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील. पण तुम्ही शिकवत असाल, घर भाड्याने देत असाल, रुग्ण तपासत असाल, तरी रीत हीच.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

सवयीचा चेहरा, कानावर पडलेली प्रतिमा आणि प्रत्यक्ष वागणं. या तिन्हींना लोक सरसकट "पूर्वग्रह" म्हणतात आणि मग चर्चा भलतीकडे जाते.

सवयीच्या चेहऱ्याचं आधी पाहू. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवजात बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले. बाळांनी कुठल्याच वंशाकडे जास्त वेळ पाहिलं नाही. तीन महिन्यांची बाळं मात्र स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत होती. पुढच्याच वर्षी इस्रायल आणि इथिओपियातल्या बाळांवर असाच प्रयोग झाला. ज्या बाळांच्या भोवती दोन्ही वंशांची माणसं रोज वावरत होती, त्यांच्यात हा कल दिसलाच नाही. फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मोठेपणी त्यांना कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे जास्त नीट ओळखता येत होते. म्हणजे "ते सगळे सारखेच दिसतात" असं जे वाटतं, ते रक्तातून येत नाही, रोजच्या पाहण्यातून येतं. इथवर ते निरुपद्रवी असतं. साक्षीदार म्हणून अनोळखी वंशाच्या माणसाला ओळखायची वेळ आली, की तेच एखाद्याच्या तुरुंगवासाचं कारण ठरू शकतं.

कानावर पडलेली प्रतिमा म्हणजे अमुक वंशाचे लोक आळशी, तमुक वंशाचे हुशार, हे आक्रमक, ते मुकाट. पॅट्रिशिया डिवाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली दाखवून दिलं, की या प्रतिमा पूर्वग्रह बाळगणाऱ्यांना ठाऊक असतात तशाच न बाळगणाऱ्यांनाही ठाऊक असतात. त्या आपोआप मनात येतात. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. एक माणूस आलेला विचार धरून पुढे जातो, दुसरा थांबून तो बाजूला ठेवतो. विचार मनात आला म्हणून स्वतःला दोषी ठरवून खचून जाणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. विचार कुठून आला याची जबाबदारी तुमची नसेलही. त्याच्यावर सही करायची की नाही, हे मात्र तुमच्या हातात असतं.

आणि ज्यांच्याबद्दल या प्रतिमा असतात, तेही त्यातून सुटत नाहीत. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. खेळायला कुठली हवी असं विचारल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली उचलली. शाळांमधलं वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतलेला आहे. तेव्हा "प्रत्येकाच्या मनात" यातला "प्रत्येक" खरोखर प्रत्येक आहे. परिणाम मात्र सारखे नसतात. नोकरी देणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह एखाद्याचं पोट मारतो, नोकरी मागणाऱ्याच्या मनातला बहुधा त्याचं स्वतःचंच नुकसान करतो. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याने शोध आधी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

राहिलं वागणं. खरी तपासणी तिथेच करायची आहे.

मनाला विचारू नका, नोंदी काढा

"मी वंशभेद करतो का?" असं मनाला विचारलं तर मन आपल्याला बरं वाटेल तेच सांगतं. रिचर्ड लापिएर नावाचे समाजशास्त्रज्ञ १९३० च्या आसपास एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता. अडीचशेच्या वर हॉटेलं, लॉज आणि खानावळी झाल्या, त्यांना नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. काही महिन्यांनी त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, "चिनी पाहुणे चालतील का?" उत्तर पाठवणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी "नाही" लिहिलं. १९३४ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हापासून बोलणं आणि वागणं यांच्यातलं अंतर दाखवायला हेच उदाहरण दिलं जातं.

तिथे बोलणं वाईट आणि वागणं बरं होतं. आज बहुतेक ठिकाणी उलट चित्र आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. मजकूर त्याच तोडीचा, बदल फक्त नावात. काही नावं ऐकताक्षणी गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची. २००४ साली निष्कर्ष आले: गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं येत होतं, दुसऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. ते अर्ज बाजूला सारणाऱ्यांना "तुम्ही वंशभेद करता का?" असं विचारलं असतं, तर बहुतेकांनी मनापासून "नाही" म्हटलं असतं, असं मला वाटतं. त्यात खोटेपणा नसता. त्यांनी आपल्या निर्णयांची बेरीज कधी केलेली नसते, इतकंच.

म्हणून बेरीज करा.

गुप्त कल मोजणाऱ्या चाचणीबद्दल थोडंसं

लोक विचारतात, ती इंटरनेटवरची चाचणी द्यावी का? पडद्यावर चेहरे आणि शब्द येतात, डावं-उजवं बटण दाबायचं, आणि कुठली जोडी जुळवायला किती मिलिसेकंद जास्त लागले त्यावरून निकाल निघतो. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. द्यायला हरकत नाही. बोटं अडखळतात तेव्हा जो धक्का बसतो, तो काहींना जागं करतो. पण तिला निदान समजू नका. त्याच माणसाने काही दिवसांनी पुन्हा दिली तर दोन निकालांमधला सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणं, ० म्हणजे काहीच संबंध नाही) साधारण ०.५ इतकाच निघतो, आणि एकेका व्यक्तीचं निदान करण्यासाठी ती वापरू नये असं ती तयार करणारेच सांगतात. २०१९ साली जवळपास पाचशे अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात दिसलं की चाचणीतला आकडा खाली आणता येतो, पण त्यामुळे वागणं बदलल्याचा पुरावा मिळत नाही. चाचणीत "तटस्थ" निकाल आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारी माणसं पाहिली की मला काळजी वाटते. त्यांचा शोध तिथेच थांबतो.

कुठे पाणी मुरतं ते शोधा

या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. पूर्वग्रह सगळीकडे सारखा दिसत नाही. जिथे उत्तर उघड आहे तिथे तो गप्प बसतो, आणि जिथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं तिथे बाहेर पडतो.

जॉन डोविडिओ आणि सॅम्युएल गार्टनर या मानसशास्त्रज्ञांनी गोऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांकडून उमेदवार निवडून घेतले. उमेदवार स्पष्टपणे लायक असेल तेव्हा वंशाने फरक पडला नाही. स्पष्टपणे नालायक असेल तेव्हाही नाही. पात्रता मधली, काही बरं काही कच्चं अशी असेल, तेव्हा मात्र गोऱ्या उमेदवाराला झुकतं माप मिळालं. हाच प्रयोग त्यांनी १९८९ आणि १९९९ अशा दोन वेळा केला. मधल्या दहा वर्षांत विद्यार्थ्यांचं उघड बोलणं सुधारलं होतं. मधल्या उमेदवारांच्या बाबतीतलं झुकतं माप तिथेच होतं.

आता तुमच्या गेल्या वर्षभरातल्या निर्णयांपैकी असे मधले निर्णय काढा. निवडीचे, गुणांचे, कुणाला सवलत दिली, कुणाची सबब मान्य केली, कुणाकडे ओळखपत्र मागितलं, कुणाला न तपासता आत सोडलं. एका कागदावर प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: काय ठरवलं, तेव्हा काय कारण दिलं, ते कारण कशावरून वाटलं, आणि तेच कारण दुसऱ्या कुणाला लावलं होतं का. व्यक्तीचा वंश शेवटी, वेगळ्या रकान्यात, बाकीचं सगळं लिहून झाल्यावर भरा. हा क्रम पाळा. वंश आधी लिहिलात तर हात आपोआप कारणं सावरून लिहायला लागतो.

माझ्या कामात शेऱ्यांचे कागद फार बोलतात. एका समितीच्या दोन कागदांचं सांगते. दोन उमेदवार, एकच अवघड प्रश्न, आणि मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणात दोघांचीही उत्तरापूर्वी चांगली लांब शांतता. एकाच्या कागदावर शेरा होता, "विचार करून बोलतो." दुसऱ्याच्या कागदावर, "विषयावर पकड नाही, अडखळतो." शेरे एकाच हस्ताक्षरातले होते. मी समितीला आधी फक्त त्या दोन शांतता ऐकवल्या, पुढची उत्तरं न ऐकवता, आणि कुठला शेरा कुठल्या शांततेचा ते ओळखायला सांगितलं. कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही तुकडे पुन्हा लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकले, आणि मग कागद स्वतःकडे ओढून दोन्ही शेऱ्यांवर काट मारून लिहिलं: "उत्तरापूर्वी थांबला." ते दोन शब्द मी आजही प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते. दिसलं ते लिहायचं, त्याचा अर्थ नंतर.

तेव्हा तुमच्या नोंदींतले विशेषणं असलेले शेरे वेगळे काढा. "आत्मविश्वासू" आणि "उद्धट". "शांत" आणि "पुढाकार नसलेला". "स्पष्टवक्ता" आणि "भांडखोर". या जोड्यांमधली गोड बाजू कुणाच्या वाट्याला आली आणि कडू बाजू कुणाच्या, ते मोजा. आणि "आपल्यात मिसळेल असं वाटत नाही" हे वाक्य सापडलं तर त्यावर लाल खूण करा. माझ्या अनुभवात ज्या नकाराला दुसरं कारण उरलेलं नसतं, तो नकार या वाक्याच्या आडोशाला बसतो.

डॉक्टर असाल तर वेदनांच्या नोंदी पाहा. अमेरिकेतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या २०१६ च्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी एक तरी जवळपास निम्म्या जणांना खरी वाटत होती. आणि अशा समजुती ज्यांच्यात जास्त, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. त्या मंडळींच्या मनात द्वेष होता असं नाही. त्यांना ते ज्ञान वाटत होतं. म्हणून नोंदींबरोबर आपल्याला "ठाऊक" असलेल्या गोष्टीही एकदा लिहून काढा आणि पाठ्यपुस्तकाशी पडताळून घ्या.

शरीराची तपासणी

ही तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. १९७४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून खुर्ची जरा दूर ठेवत, बोलताना जास्त अडखळत, आणि मुलाखत सुमारे पाव वेळ आधी उरकत. प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त हलवून गेला. मुलाखतकारांना मुद्दाम तशाच थंडपणे वागायला शिकवलं, आणि समोर गोरे उमेदवार बसवले. त्यांच्याही मुलाखती ढासळल्या. म्हणजे मुलाखतकाराचं आखडलेपण उमेदवाराच्या कामगिरीत उतरलं, आणि कागदावर ते उमेदवाराचं अपयश म्हणून नोंदलं गेलं असतं.

एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला बाजूला बसवा. त्याने फक्त तीन गोष्टी टिपायच्या: किती मिनिटं बोललात, उत्तरावर पुढचा प्रश्न किती वेळा विचारलात, आणि समोरचा बोलत असताना घड्याळाकडे किंवा कागदाकडे किती वेळा पाहिलंत. मत मागू नका, आकडे मागा. मत मागितलं की सहकारी संकोचतो आणि तुमची समजूत घालतो.

काय करू नका

विचार दाबून टाकायच्या मागे लागू नका. १९९४ च्या एका प्रयोगात लोकांना एका स्किनहेड (डोकं तासणाऱ्या, आक्रमक समजल्या जाणाऱ्या गटातल्या) तरुणाचा फोटो दाखवून त्याच्या दिवसाचं वर्णन लिहायला सांगितलं. अर्ध्या जणांना ताकीद होती, ठरीव प्रतिमा टाळा. त्यांनी त्या टाळल्या. पण दुसऱ्यांदा, ताकीद नसताना लिहिलं तेव्हा त्यांच्याच लिखाणात त्या जास्त उसळून आल्या, आणि त्या तरुणाच्या खुर्चीपासून ते इतरांपेक्षा जास्त अंतरावर बसले.

"मला रंग दिसतच नाही" हेही सोडा. २००८ साली मुलांना एक खेळ दिला गेला: फोटोंच्या ढिगातला एक नेमका फोटो हो-नाही प्रश्न विचारून ओळखायचा. आठ-नऊ वर्षांची मुलं सरळ चेहऱ्याच्या वंशाबद्दल विचारत होती आणि लवकर जिंकत होती. दहा-अकरा वर्षांची मुलं तो प्रश्न टाळत होती आणि मागे पडत होती. वंशाचा उल्लेखच नको हे त्या वयापर्यंत त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ज्याचं नावच काढायचं नाही, ते तपासणार कसं?

आणि अपराधी वाटतंय म्हणून समोरच्यापुढे कबुलीजबाब देत बसू नका. त्यांच्यावर आणखी एक काम लादल्यासारखं होतं.

निर्णयाआधी करायच्या गोष्टी

कसोट्या आधी लिहा, माणूस नंतर पाहा. कुठल्या गुणाला किती वजन हे अर्ज उघडण्यापूर्वी कागदावर यायला हवं. एकदा अर्ज डोळ्यांखालून गेले, की आवडलेल्या उमेदवाराकडे जे आहे तेच महत्त्वाचं वाटू लागतं. पहिल्या चाळणीत नाव, फोटो, पत्ता झाकता येत असेल तर झाका. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक प्रश्नाचे गुण उत्तर संपताच लिहा, मुलाखत संपल्यावर नाही. समितीतल्यांनी गुण लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी चकार शब्द बोलू नये, कारण ज्येष्ठाचं पहिलं वाक्य बाकीच्यांचे आकडे बदलतं.

दीर्घ मुदतीचा उपाय म्हणजे सहवास. पण कसलाही नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली त्याच्या अटी सांगितल्या: दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम मिळून करायचं, आणि वरिष्ठांचा किंवा नियमांचा पाठिंबा. २००६ साली पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला आणि सहवासाने पूर्वग्रह कमी होतो हे त्यात ठळक दिसलं. अटी पाळल्या तिथे परिणाम जास्त. एखाद्या वंशाची माणसं तुमच्या आयुष्यात फक्त हाताखाली काम करणारी किंवा मदत घेणारीच असतील, तर त्या सहवासावर विसंबू नका. तुमचं काम तपासणारं, तुम्हाला शिकवणारं, तुमचं म्हणणं खोडून काढणारं त्या वंशाचं कुणी आहे का, हे पाहा. नसेल तर कुठल्या समितीत, वर्गात, गटात शिरलं म्हणजे ते घडेल ते ठरवा. हे महिन्याभरात होत नाही, पण माणसं बदललेली मी पाहिली आहेत ती बहुतेक याच वाटेने.

कुणी बोट दाखवलं तर

हा प्रसंग येणारच, आणि तयारी नसेल तर तोंडून "माझा तसा हेतू नव्हता" निघतं. हेतूबद्दल कुणी विचारलेलं नसतं. त्याऐवजी तीन वाक्यं आधीच ठरवून ठेवा. "नक्की कुठल्या वाक्याबद्दल म्हणताय?" मग पूर्ण ऐकून, "बरं झालं सांगितलंत, मी नोंदी काढून बघतो." आणि दोन-चार दिवसांत परत जाऊन, "पाहिलं, असं असं आढळलं, आणि पुढे असं करणार आहे." तिसरं वाक्य बहुतेक जण विसरतात, आणि सांगणाऱ्याला वाटतं आपलं बोलणं वाऱ्यावर गेलं.

नोंदी काढल्यावर त्यांचं म्हणणं चुकीचं निघालं, तरी जे सापडलं ते आकड्यांसकट दाखवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. बरोबर निघालं, तर झालेला निर्णय अजून फिरवता येतो का ते आधी बघा: गुण पुन्हा तपासता येतात, वगळलेल्या उमेदवाराला पुन्हा बोलावता येतं, फाइलीतला शेरा बदलता येतो. मग पुढच्या खेपेच्या कसोट्यांच्या कागदावर तो मुद्दा पहिल्या ओळीत लिहा, आणि ज्यांनी दाखवला त्यांना तो कागद अर्ज उघडण्यापूर्वी वाचायला द्या.